डॉ. कमला सोहोनी

चाकूरच्या शिवारात तूर पिकते. तिची पोती लातूरच्या बाजारात जातात, मिलमध्ये तिची डाळ होते आणि मग ती आपल्या घरी वरणात किंवा दालच्यात शिजते. पण डाळ शिजवूनच का खायची? कच्ची खाल्ली तर पोटात काय होते? या प्रश्नाच्या मुळाशी गेलेल्या शास्त्रज्ञांपैकी एक होत्या कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकले होते. १९३३ साली बी. एस्सी. च्या परीक्षेत कमलाबाई मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या. मग त्यांनीही बंगळूरला अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर सी. व्ही. रामन. अर्जदार मुलगी आहे, एवढ्याच कारणाने त्यांनी नकार दिला. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि हट्टाने बसून राहिल्या. शेवटी एक वर्ष काम पाहून मग प्रवेश पक्का करू, या अटीवर त्यांना घेतले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला हे शोभले नाही. कमलाबाईंनाही तो अपमान जन्मभर खुपत राहिला. मात्र त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे इतर मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

१९३९ साली त्यांनी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. मायदेशी परतल्यावर दिल्ली व कुन्नूर येथे काम करून १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. तेथेच डाळींचे काम जोमाने सुरू झाले.

डाळीत प्रथिने भरपूर असतात. पण ती आहेत तशी रक्तात जात नाहीत. आधी त्यांचे तुकडे व्हावे लागतात. जठरातील आम्लरसात हे काम सुरू होते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो. त्यात ट्रिप्सिन नावाचे विकर असते. ते कात्रीसारखे प्रथिने तोडते. शेवटी अमिनो आम्ले तयार होतात आणि आतड्यातून रक्तात शोषली जातात. तुमच्या घरी ज्याला हाजमा म्हणतात, तो असा पायरीपायरीने होतो.

गंमत अशी, की कच्च्या कडधान्यांत या कात्रीलाच अडवणारे पदार्थ असतात. ते ट्रिप्सिनला घट्ट चिकटतात आणि मग प्रथिने नीट तुटत नाहीत. खाल्लेले अंगी लागत नाही. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय भाज्या व कडधान्ये तपासून हे पदार्थ शोधले. वाल आणि डबल बी यांतून त्यांनी ते शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे काढले. हा शोध १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापला गेला. डाळ चांगली शिजवली, की उष्णतेने हे पदार्थ बहुतेक निकामी होतात. आपल्या आजीला ट्रिप्सिनचे नाव ठाऊक नसेल, पण डाळ मऊ होईपर्यंत ती चुलीवरून उतरवत नसे!

पुढे कमलाबाई त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतर अन्नातील भेसळीबद्दल त्या ग्राहकांना सावध करत राहिल्या. १९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.