तीन वेळा नागरिक झालेला शिपाई



आपल्या ओळखीच्या एखाद्या तरी घरातला मुलगा, मुलगी किंवा भाचा आज अमेरिकेत असतो. तिथे नोकरी लागते, घर होते, मुले शाळेत जाऊ लागतात, पण कागदाचे काम बाकी राहते. आधी ग्रीन कार्ड, मग साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज, मग बोटांचे ठसे, मुलाखत, इंग्रजीची आणि त्या देशाच्या इतिहासाची परीक्षा, आणि सर्वांत शेवटी शपथ. भारतात जन्मलेल्यांना नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळायलाच कित्येक वर्षे लागतात, कारण वर्षाच्या एकूण कोट्यात कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सुमारे सात टक्केच येतात. इकडे आई-वडील प्रत्येक फोनवर तोच एक प्रश्न विचारतात आणि तिकडून तेच एक उत्तर येते.

ही रांग लांब आहे, पण रांग तरी आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या लोकांसाठी तीसुद्धा नव्हती. त्या काळात अमेरिकेचे नागरिकत्व दोनदा मिळालेल्या, दोनदा गमावलेल्या आणि तिसऱ्यांदा कायमचे मिळवलेल्या एका भारतीयाचे चरित्र आज आपण पाहणार आहोत. त्यांचे नाव भगतसिंग थिंद. हे आपले हुतात्मा भगतसिंग नव्हेत. नाव सारखे, प्रांतही पंजाबच, पण वाट निराळी.

थिंद यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1892 रोजी अमृतसर जिल्ह्यातल्या तारागड तलावा या गावी शीख कुटुंबात झाला. अमृतसरच्या खालसा कॉलेजात ते शिकले आणि जुलै 1913 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएटल बंदरात उतरले. पुढे शिकायचे होते, पण खिशात पैसे नव्हते. म्हणून सुट्टीत ऑरेगन राज्यातल्या लाकडाच्या गिरण्यांत ते ओंडके वाहण्याचे काम करीत. त्या गिरण्यांतले बरेच मजूर पंजाबीच होते. ब्रिटिशांविरुद्धची गदर चळवळ याच मजुरांत, याच वर्षी उभी राहिली.

1918 साली पहिले महायुद्ध चालू असताना, 22 जुलै रोजी, थिंद अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. ज्या देशाचे ते नागरिक नव्हते, त्या देशासाठी त्यांनी बंदूक हाती घेतली, आणि तीही डोक्यावरची पगडी न उतरवता. काही महिन्यांतच त्यांना हंगामी सार्जंट करण्यात आले. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत गेलेल्यांची घरे पुष्कळ आहेत. शिपायाला वर्दीचा काय अभिमान असतो, हे त्या घरांना वेगळे सांगायला नको.

त्या वर्षी अमेरिकेने सैनिकांसाठी नागरिकत्वाची वाट सोपी केली होती. एरवी त्या देशात पाच वर्षे राहावे लागे, नागरिक होण्याचा इरादा आधी लेखी जाहीर करावा लागे, दोन साक्षीदार आणावे लागत. सैनिकांना यातल्या बऱ्याच अटी माफ झाल्या. थिंद यांनी अर्ज केला आणि 9 डिसेंबर 1918 रोजी, अंगावर वर्दी असतानाच, त्यांना नागरिकत्व मिळाले. चौथ्या दिवशी ते काढून घेण्यात आले. त्यानंतर तीन दिवसांनी उत्तम वर्तनाचा शेरा देऊन सैन्याने त्यांना सन्मानाने निरोप दिला. म्हणजे एकाच आठवड्यात एका सरकारी खात्याने त्यांना शाबासकी दिली आणि दुसऱ्याने नाकारले.

कारण काय? 1790 च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व फक्त मुक्त गोऱ्या माणसाला मिळू शकत होते. यादवी युद्धानंतर, 1870 मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. बस्स, दोनच दरवाजे. चिनी, जपानी, भारतीय यांच्यासाठी तिसरा नव्हता. त्यामुळे या लोकांना नागरिक व्हायचे असेल, तर आपण गोरे आहोत हे कोर्टात सिद्ध करावे लागे. काही न्यायाधीश ते मान्य करीत, काही करीत नसत. सगळे कोण न्यायाधीश भेटतो त्यावर होते.

थिंद यांनी 1919 मध्ये ऑरेगनच्या कोर्टात पुन्हा अर्ज केला. सरकारी अधिकाऱ्याने त्यांचे गदरवाल्यांशी असलेले संबंध पुढे आणले. भारत भारतीयांचाच असावा असे आपल्याला वाटते, पण सशस्त्र उठाव आपल्याला मान्य नाही, असे थिंद यांनी सरळ सांगितले. न्यायाधीशांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि 18 नोव्हेंबर 1920 रोजी त्यांना दुसऱ्यांदा नागरिक केले. सरकारने अपील केले आणि प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे थिंद यांच्या बाजूने उभे राहिले सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच ते आपल्याकडचे वाटते. पंडित 1914 सालीच कॅलिफोर्नियात अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि पुढे वकील झाले. त्यांचा युक्तिवाद असा होता: शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात उत्तर भारतीय लोक कॉकेशियन वंशात मोडतात. गोऱ्यांनाही कॉकेशियनच म्हणतात. तेव्हा थिंद हे गोरेच ठरतात.

इथवर ठीक होते. पण थिंद यांच्या नावाने दाखल झालेले निवेदन एक पायरी पुढे गेले. भारतातला उच्चवर्णीय खालच्या समाजाशी सोयरीक करीत नाही, त्यामुळे त्याचे रक्त शुद्ध राहिले आहे, असे त्यात मांडले होते. अमेरिकन गोरा जसा निग्रोकडे पाहतो, तसाच हा उच्चवर्णीय इथल्या मूळ रहिवाशांकडे पाहतो, असेही त्यात होते. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच दुसऱ्याला दूर ठेवणारे आहोत, म्हणून आम्हाला आत घ्या!

बंधू-भगिनींनो, इथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. ज्याच्या नावाने हे लिहिले गेले तो शीख होता. ज्या पंथात राजा आणि रंक लंगरच्या एकाच पंगतीत जेवतात, त्या पंथाचा होता. शिवाय ज्या जुलै 1913 मध्ये थिंद सिएटलला उतरले, त्याच महिन्यात त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कमध्ये, एक मराठी विद्यार्थी उतरला होता. त्यांचे नाव भीमराव आंबेडकर. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीवर निबंध वाचला. आपापसातच लग्ने लावण्याच्या बंधनातून जात टिकून राहते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. ज्या प्रथेला आंबेडकरांनी रोगाचे मूळ म्हटले, तीच प्रथा सात वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लायकीचा दाखला म्हणून ठेवली गेली. आपल्या कोल्हापूरचे शाहू महाराज तर 1902 सालीच मागासवर्गीयांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखून मोकळे झाले होते, आणि मार्च 1920 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत ते आंबेडकरांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले होते. तेव्हा त्या काळी दुसरा विचार कुणाला सुचलाच नसता, असे म्हणायला जागा नाही.

थिंद यांच्यावर दगड मारावा म्हणून आम्ही हे सांगत नाही. ज्या कायद्याने दोनच दरवाजे ठेवले, त्या कायद्याचा दोष मोठा. अडलेला माणूस मिळेल त्या दारावर थाप मारतो. पण दार उघडावे म्हणून आपण दुसऱ्याच्या पाठीवर पाय देतो की काय, हे अडलेल्यानेही पाहिले पाहिजे.

शिवाय त्या युक्तिवादाने काम झालेच नाही. नोव्हेंबर 1922 मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने गोरा म्हणजे कॉकेशियन असा अर्थ लावला होता. थिंद यांना वाटले असेल, आता आपले काम झाले. पण तीनच महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1923 रोजी, त्याच न्यायालयाने एकमताने ठरवले की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि सामान्य माणूस थिंद यांना गोरे समजत नाही. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनीच लिहिले. ते स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले होते. आम्ही सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो, तेव्हा पहिला धडा असा होता की वादाच्या मध्यावर शब्दाची व्याख्या बदलू नये. इथे व्याख्या बदलली, आणि एका माणसाचा देश गेला.

त्याच्या एकट्याचाच नव्हे. या निकालाच्या आधारे सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व रद्द करायला सुरुवात केली. पन्नासाहून अधिक जणांचे गेले. कॅलिफोर्नियात नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्याला शेतजमीन घेता येत नसे, त्यामुळे कित्येकांची कसती जमीनही धोक्यात आली. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बगाई 1921 साली नागरिक झाले होते. ब्रिटिश प्रजा म्हणून असलेले नाते त्यांनी सोडून दिले होते. नागरिकत्व हिरावले गेल्यावर ते कुठल्याच देशाचे उरले नाहीत. 1928 साली त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. मागे पत्नी आणि तीन मुलगे राहिले. कागद म्हणजे नुसता कागद, असे म्हणणाऱ्याने हे नाव लक्षात ठेवावे.

सरकारने वकील पंडित यांच्यावरही खटला भरला. या वेळी त्यांनी वंशाचा आणि रक्ताचा वाद बाजूला ठेवला. एका कोर्टाने सर्व तपासून दिलेला निर्णय, ज्यावर सरकारने वेळेत अपीलही केले नाही, तो इतक्या वर्षांनी उकरता येणार नाही, असे ते म्हणाले. त्या निर्णयावर विसंबून आपण इथे संसार उभा केला, वकिली केली, भारतातल्या वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क सोडला, अमेरिकन स्त्रीशी लग्न केले. आपले नागरिकत्व गेले तर पत्नीचेही जाईल, हेही त्यांनी दाखवून दिले. 1926 साली अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 1927 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर सरकारने अशी उरलेली प्रकरणे सोडून दिली. मी इतरांपेक्षा वरचा आहे, या मुद्द्यावर पंडित हरले होते. दिलेला शब्द पाळला पाहिजे, या मुद्द्यावर ते जिंकले, आणि त्याचा लाभ इतरांनाही झाला.

थिंद मात्र ताटकळतच राहिले. पण ते हात बांधून बसले नाहीत आणि देश सोडूनही गेले नाहीत. गावोगावी फिरून त्यांनी अध्यात्मावर व्याख्याने दिली, पुस्तके लिहिली. शीख परंपरेबरोबरच इतर धर्मग्रंथांचे आणि अमेरिकन विचारवंतांचे दाखले ते देत. ज्यांच्या देशाने त्यांना परका ठरवले, तेच लोक सभागृहात बसून त्यांचे ऐकत होते.

1935 साली अमेरिकन काँग्रेसने पहिल्या महायुद्धात लढलेल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्व देणारा कायदा केला. त्यात रंग विचारला नव्हता, सेवा विचारली होती. त्या कायद्याखाली 1936 साली न्यूयॉर्कमध्ये थिंद तिसऱ्यांदा अमेरिकेचे नागरिक झाले. पहिल्या शपथेला अठरा वर्षे होत आली होती. सव्विसाव्या वर्षी सुरू झालेली वाट चव्वेचाळिशीच्या उंबरठ्यावर संपली. या वेळी कागद कुणी परत मागितला नाही. 1940 मध्ये त्यांनी लग्न केले, मुले झाली, आणि 15 सप्टेंबर 1967 रोजी ते वारले. त्याआधी, जुलै 1946 मध्ये, सर्वच भारतीयांसाठी नागरिकत्वाचे दार उघडले होते. दरवर्षी नव्याने येणाऱ्यांसाठी जागा मात्र शंभरच्या आसपासच होत्या. आज आपली मुले ज्या रांगेत उभी आहेत, तिची सुरुवात तिथून झाली.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे वाटत असेल, तर शेजारच्या गांधीनगरकडे पाहावे. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुले जास्त होती, आणि बहुतेक सर्व आपल्यासारखेच कॅथलिक. रशियाने त्यांना घरातून उचलून नेले होते. युद्ध संपले तेव्हा अनेकांचे गाव ज्या मुलखात होते, तो मुलूखच पोलंडचा राहिला नव्हता. कुठला देश घेईल याची वाट पाहत त्यांनी इथे शाळा चालवल्या, प्रार्थना केल्या, आणि मग जगभर पांगले. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. त्यांचेही गाव सीमेपलीकडे राहिले होते. आपल्या मातीने दोन्ही वेळा आधी निवारा दिला.

तेव्हा ज्यांची मुले परदेशात कागदाची वाट पाहत आहेत, त्यांनी धीर सोडू नये, आणि मुलांनाही फोनवर कामाच्या चौकशीआधी जेवणाखाण्याची आणि मनाची चौकशी करावी. आणि आपण सर्वांनी एक पाहावे. आपल्याकडेही रेशनकार्डासाठी, दाखल्यासाठी, घरकुलासाठी माणसे तहसील कचेरीत हेलपाटे घालत असतात. ऊसतोडीला आलेल्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबांना तर अर्ज कुठे करायचा हेही ठाऊक नसते. ज्यांना लिहिता-वाचता येते, त्यांनी या आठवड्यात अशा एका तरी माणसाचा अर्ज भरून द्यावा, आणि तो कुठला, कुणाचा, हे विचारू नये.

आपले धर्मगुरू