प्रज्ञाचक्षूंनी घेतलेला मनाचा शोध

माणूस एखादी कृती का करतो, आणि प्रेम, भय, क्रोध या भावना त्याच्या मनात कोठून उगवतात, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील विचारवंतांना अस्वस्थ करीत होता. हर्बर्ट स्पेन्सर यांनी त्याचे उत्तर सुखदुःखात आणि उत्क्रांतीत शोधले. जीवनाला पोषक ते सुखकर आणि मारक ते दुःखकर वाटते, अशी त्यांची मांडणी होती. विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये भावनेचे मूळ शरीरात होणाऱ्या बदलांत दाखविले. त्याच काळात अमरावती-अकोल्याकडच्या कापसाच्या मुलखात एक दृष्टिहीन तरुण याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने निघाला होता. ते होते संत गुलाबराव महाराज.

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे, माधानच्या मोहोड या शेतकरी कुटुंबात झाला. अवघ्या नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. चौथ्या वर्षी आईचे छत्र हरपले आणि पुढची काही वर्षे ते आजोळी वाढले. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. गावातल्या जाणत्यांकडून ग्रंथ वाचून घ्यावेत, एकदा ऐकलेले कायमचे स्मरणात ठेवावे आणि त्यावर मनन करावे, हेच त्यांचे शिक्षण ठरले. १८९६ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यानंतरच्या वर्षांत वऱ्हाडाने भीषण दुष्काळ सोसला.

१९०१ मध्ये संत ज्ञानेश्वरांनी आपल्याला अनुग्रह दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. श्रीकृष्णाला पती मानून त्यांनी गोपीभाव स्वीकारला. कुंकू आणि मंगळसूत्र धारण केले. संसारी पुरुषाने असा वेष घ्यावा, हे तत्कालीन समाजाच्या पचनी पडणे अवघडच होते. पण महाराजांच्या लेखी ते सोंग नव्हते. भावना दडपून माणूस मुक्त होत नाही. तिला योग्य विषय मिळाला की तीच साधना होते, या धारणेचे ते आचरण होते.

त्यांच्या मधुराद्वैत दर्शनाचा गाभा येथेच आहे. सर्व काही एकच आहे हे कळल्यावर प्रेमाला जागा उरते का, हा वेदान्तातला जुना पेच आहे. ज्ञानानंतरही भक्तीचा गोडवा उरतो आणि त्यासाठी अद्वैत सोडावे लागत नाही, असे महाराजांचे प्रतिपादन होते. याचा अर्थ असा, की प्रेम ही केवळ उणीव भरून काढण्याची धडपड नव्हे. पूर्णत्वातूनही ते प्रकटू शकते. स्पेन्सर आणि डार्विन यांच्या मतांचे खंडन त्यांनी केले, तेही ती मते समजून घेऊन. 'मानसायुर्वेद' या ग्रंथात त्यांनी मनाच्या व्याधींचा विचार भारतीय वैद्यकाच्या अंगाने केला.

महाराज सांगत आणि शिष्य लिहून घेत. अशा रीतीने मराठी, संस्कृत आणि हिंदीत सव्वाशेहून अधिक लहानमोठ्या रचना तयार झाल्या. त्यांत वेदान्त, योग, वैद्यक, संगीत असे नाना विषय आहेत. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ वर्षांचे होते. पुढे बाबाजी महाराज पंडित यांनी त्यांची परंपरा चालविली.

आजचे मानसशास्त्र प्रयोगशाळेतील पुराव्यावर उभे आहे. महाराजांचे चिंतन श्रुतिप्रामाण्यावर आणि आत्मानुभवावर उभे होते. त्यामुळे दोहोंची सरळ तुलना करणे योग्य ठरणार नाही. तथापि, जन्मभर अंधार आणि पोरकेपण वाट्याला आलेल्या माणसाने मानवी वर्तनाचे मूळ भयात किंवा स्वार्थात न शोधता प्रेमात शोधले, ही गोष्ट लहान नाही. वऱ्हाडच्या मातीने मराठी विचारविश्वाला दिलेले हे देणे भक्तांच्या वर्तुळाबाहेरही अभ्यासले गेले पाहिजे.