सर्पगंधा, बीपी आणि मज्जातंतूतला पंप: डॉ. रुस्तम जाल वकील

कोड न बघता फक्त आउटपुट तपासून सिस्टिम कळते का? मुंबईच्या एका डॉक्टरांनी औषधाच्या बाबतीत जवळजवळ हेच केलं.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म 1911 चा. लंडनला डॉक्टरी शिकून ते मुंबईत परतले आणि के.ई.एम. हॉस्पिटलमध्ये हृदयरोगाचे पेशंट बघू लागले. तेव्हा हाय बीपीवर धड औषध नव्हतं. सर्पगंधेचं मूळ मात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतं. त्याने बीपी उतरतं, हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी 1931 मध्येच लिहिलं होतं, पण बाहेरच्या जगाने लक्ष दिलं नाही.

वकिलांनी पेशंटचं बीपी औषधाआधी आणि नंतर नीट मोजलं. 50 पेशंटचे आकडे 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आले आणि जग जागं झालं. 1952 मध्ये सिबा या स्विस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं. 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण आत नेमकं काय होतं?

मज्जातंतूच्या टोकाला बारीक पिशव्या असतात. नॉरॲड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही निरोपाची रसायनं त्यात भरायचं काम एक पंप करतो. हा पंप म्हणजे व्हीमॅट नावाचं प्रोटीन. रिसर्पिन त्यालाच अडवतं. बाहेर राहिलेलं रसायन एन्झाइम मोडून टाकतं. मग सिग्नल आला, पिशवी उघडली, तरी आत काहीच नाही. मेसेज सेंट, पण मजकूर कोरा! रक्तवाहिन्यांना आवळायचा निरोप पोचत नाही, त्या सैल पडतात आणि बीपी उतरतं.

हाच पंप मेंदूतही आहे. म्हणून काही पेशंट उदास झाले, काहींचं अंग पार्किन्सनसारखं ताठलं. त्यातूनही एक शोध लागला. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिलं आणि ते परत हलू लागले. पार्किन्सनच्या औषधाची वाट इथूनच निघाली. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल मिळालं.

व्हीमॅटचा जीन सापडला 1992 मध्ये. वकील 1974 मध्येच गेले होते, त्यामुळे तो पंप त्यांना कधी दिसला नाही. पण त्यांनी मोजलेले आकडे बरोबर होते.

आणि हो, सर्पगंधा ऑनलाइन दिसली म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.