नूट रॉकनी : बाहेरून आलेला पोरगा, अमेरिकेचा कोच



सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या आपल्या घरांत दोन गोष्टींची गडबड सुरू होते. एकीकडे मंडळाच्या गणपतीची तयारी आणि दुसरीकडे शनिवारी दुपारी टीव्हीसमोर ठाण मांडून बसलेली मुलं. कॉलेज फूटबॉलचा सीझन! भारतातून आलेले आजी-आजोबा हमखास विचारतात, की चेंडू हातात धरून पळतात त्या खेळाला फूटबॉल का म्हणायचं? मुलं हसतात आणि आपण विषय बदलतो, कारण उत्तर आपल्यालाही येत नसतं!

पण या खेळाच्या इतिहासातला एक माणूस आपल्याला नक्की जवळचा वाटेल. कारण तोही आपल्यासारखाच बाहेरून इथे आलेला होता. त्याचं नाव नूट रॉकनी.

नूटचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेमधल्या व्हॉस या डोंगराळ गावात झाला. तिकडे त्याचं नाव 'क्नूट' असं उच्चारतात. अमेरिकेत आल्यावर सुरुवातीचा 'क' गळाला आणि आडनावाचं स्पेलिंगही थोडं बदललं. आपल्या नावांचं इथे काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा जास्त सांगायला नको!

त्याचे वडील लार्स घोडागाड्या बनवणारे कारागीर होते. १८९३ मध्ये शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्या निमित्ताने ते अमेरिकेत आले आणि मागोमाग बायको-मुलांनाही त्यांनी बोलावून घेतलं. स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषद गाजवली ती याच वर्षी, याच शहरात. नूट तेव्हा पाच वर्षांचा होता. इंग्रजी तो शिकागोच्या गल्लीत शिकला आणि फूटबॉलही तिथल्याच मोकळ्या मैदानांवर.

शाळा संपली, पण कॉलेजसाठी पैसे नव्हते. मग त्याने शिकागोच्या पोस्टात नोकरी धरली. जवळजवळ चार वर्षं टपालाची वर्गवारी केली आणि पगारातले पैसे बाजूला टाकले. १९१० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो इंडियाना राज्यातल्या साऊथ बेंड गावी नोटर डेम कॉलेजात दाखल झाला. बरोबरची मुलं त्याच्याहून तीन-चार वर्षांनी लहान होती. कॉलेज कॅथलिक आणि हा लुथरन. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साफसफाई करून तो खर्च भागवायचा आणि अभ्यासही मन लावून करायचा. १९१४ मध्ये तो उत्तम गुणांनी पदवीधर झाला.

आता थोडं खेळाविषयी. त्या काळचं फूटबॉल म्हणजे नुसती रेटारेटी. १९०५ च्या सीझनमध्ये इतके खेळाडू दगावले, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घ्यावं लागलं. १९०६ पासून चेंडू हवेतून पुढे फेकायला, म्हणजे 'फॉरवर्ड पास'ला परवानगी मिळाली. पण बरीच वर्षं मोठ्या टीम त्याकडे दुर्लक्ष करत राहिल्या.

१९१३ च्या उन्हाळ्यात नूट आणि त्याचा मित्र गस डोरे ओहायोतल्या सीडर पॉइंट या समुद्रासारख्या मोठ्या तळ्याकाठच्या सहलीच्या ठिकाणी नोकरीला होते. काम आटोपलं की दोघं वाळूत उतरायचे. गस चेंडू फेकायचा आणि नूट धावता धावता झेलायचा. रोज तेच, पूर्ण उन्हाळाभर. त्याचं फळ १ नोव्हेंबर १९१३ रोजी मिळालं. वेस्ट पॉइंटला लष्करी अकादमीच्या बलाढ्य टीमसमोर या फारशा कुणाला माहीत नसलेल्या कॉलेजची मुलं उभी राहिली आणि ३५-१३ अशी जिंकली! पासचा शोध या दोघांनी लावला असं अनेकदा सांगितलं जातं, पण ते खरं नाही. सेंट लुइस युनिव्हर्सिटीची टीम १९०६ पासूनच तो वापरत होती. या मॅचनंतर मात्र पासकडे दुर्लक्ष करणं कोणालाच परवडेना.

पदवीनंतर नूट नोटर डेममध्येच राहिला. सकाळी रसायनशास्त्र शिकवायचं आणि दुपारी कोच जेसी हार्पर यांचा मदतनीस म्हणून मैदानावर उभं राहायचं. १९१८ मध्ये हार्पर गेले आणि टीमची सगळी जबाबदारी त्याच्यावर आली. आता मंडळी, त्यांना अहो-जाहो करायला हवं, कारण ते गुरुजी झाले!

रॉकनींनी १३ सीझन कोच म्हणून काम केलं. १०५ मॅच जिंकल्या, १२ हरल्या आणि ५ बरोबरीत सुटल्या. पाच सीझन तर ते एकही मॅच न हरता आणि बरोबरी न करता पार पडले. रहस्य म्हणाल तर त्यात जादू नव्हती. चेंडू हलण्याच्या क्षणभर आधी मागच्या चौघांनी एका तालात जागा बदलायची, ही हालचाल त्यांनी हार्पर यांच्याकडून घेतली आणि घोटून घोटून बिनचूक केली. धिप्पाड मुलांपेक्षा चपळ आणि डोकं वापरणारी मुलं त्यांना आवडत.

त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष म्हणजे १९२४. अमेरिकेत तेव्हा बाहेरून आलेल्यांविरुद्ध वातावरण तापलं होतं. मे महिन्यात कू क्लक्स क्लॅन ही संघटना साऊथ बेंडमध्ये मेळावा भरवायला आली. तिला काळ्यांइतकाच कॅथलिकांचा आणि स्थलांतरितांचा द्वेष. नोटर डेमची मुलं रस्त्यावर उतरली आणि दोन्ही बाजूंत मारामाऱ्या झाल्या. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी एका कायद्यावर सही केली. दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या त्याने अगदी कमी केली आणि आशियातल्या लोकांना जवळजवळ दार बंद केलं. हे दार १९६५ च्या कायद्याने उघडलं, म्हणून तर आपण किंवा आपले आई-वडील इथे येऊ शकलो!

अशा त्या वर्षी आयरिश, पोलिश, जर्मन, इटालियन आडनावांची मुलं आणि त्यांचा नॉर्वेत जन्मलेला कोच गावोगाव खेळत फिरले. १८ ऑक्टोबरला न्यू यॉर्कमध्ये त्यांनी लष्करी अकादमीला १३-७ असं हरवलं. पत्रकार ग्रँटलंड राइस यांनी त्यांच्या चार खेळाडूंना बायबलमधल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि चौघं देशभर गाजले. १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियात रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डचा २७-१० असा पराभव करून टीमने सीझन एकही हार न पत्करता संपवला. परके म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांची मुलं आता अमेरिकेचे हीरो होती. मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. त्या काळातल्या नोटर डेमच्या टीममध्ये काळा खेळाडू नव्हता. दार उघडलं होतं, पण सगळ्यांसाठी नाही.

रॉकनी देवमाणूस होते असंही नाही. मुलांना चेव आणण्यासाठी ते थापाही मारत. १९२२ मध्ये आपला लहान मुलगा खूप आजारी असल्याची तार त्यांनी मॅचआधी वाचून दाखवली. मुलं जिवावर उदार होऊन खेळली आणि जिंकली. मुलगा घरी ठणठणीत होता! जॉर्ज गिप या त्यांच्या लाडक्या खेळाडूचं १९२० मध्ये २५ व्या वर्षी आजारपणात निधन झालं. मरताना गिपने आपल्यासाठी एक मॅच जिंकायला सांगितलं होतं, ही गोष्ट रॉकनींनी १९२८ मध्ये लष्करी अकादमीविरुद्धच्या मॅचमध्ये खेळाडूंना ऐकवली. टीम १२-६ अशी जिंकली. ती गोष्ट कितपत खरी यावर अभ्यासक आजही शंका घेतात. पुढे १९४० च्या सिनेमात गिपची भूमिका रोनाल्ड रेगन यांनी केली, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही लोक त्यांना 'गिपर' म्हणत.

१९२९ मध्ये रॉकनींच्या पायाला रक्तवाहिनीचा गंभीर आजार झाला. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कोचिंग केलं. नवं स्टेडियम बांधायचं काम चालू असल्याने त्या वर्षी एकही मॅच घरच्या मैदानावर नव्हती, तरी टीम सगळ्या मॅच जिंकली. १९३० मध्ये नवं स्टेडियम उघडलं आणि तोही सीझन त्यांनी पूर्ण जिंकला.

आणि मग ३१ मार्च १९३१. एका सिनेमाच्या कामासाठी ते लॉस एंजेलिसला निघाले होते. दोन मुलं कॅन्सस सिटीत बोर्डिंग शाळेत होती, म्हणून वाटेत तिथे थांबले आणि पुढे विमानात बसले. कॅन्ससमधल्या बझार गावाजवळ विमानाचा लाकडी पंख हवेतच तुटला. आठही जण गेले. रॉकनी अवघ्या ४३ वर्षांचे होते. मागे पत्नी बॉनी आणि चार मुलं. सारा देश हळहळला. नॉर्वेच्या राजाने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला.

ओलाव्यामुळे पंखातल्या लाकडाचे चिकटवलेले जोड सुटले होते. लोकांच्या संतापामुळे तशा विमानांची कडक तपासणी सुरू झाली, अपघातांची कारणं जाहीर करण्याची मागणी वाढली आणि कंपन्या संपूर्ण धातूच्या विमानांकडे वळल्या. आज आपण मुलाबाळांना घेऊन निर्धास्तपणे मुंबईचं विमान पकडतो, त्यामागे हा एक धागाही आहे.

रॉकनींनी आपला नॉर्वेतला जन्म कधी लपवला नाही आणि आपण अमेरिकन आहोत हे कुणाला पटवत बसले नाहीत. पोस्टात काम केलं, उशिरा का होईना शिकले, वाळूत चेंडू झेलला आणि जे आलं ते पुढच्या मुलांना शिकवलं. तेव्हा येत्या शनिवारी मुलं टीव्हीसमोर बसली की आपणही जरा शेजारी बसूया. कोणी लांब पास फेकला, तर व्हॉसमधून आलेल्या या पोराची गोष्ट त्यांना सांगूया. त्यांनाही ती माहीत नसेल कदाचित!