आधी किंमत, मग गाडी! शेतकऱ्याच्या पोराचा उलटा हिशेब

अमेरिकेत डेट्रॉईट शहराजवळ एका शेतकऱ्याच्या घरी ३० जुलै १८६३ रोजी हेन्री फोर्ड यांचा जन्म झाला. शेतीत मन रमेना, ओढ सगळी यंत्रांची. १८९९ मध्ये त्यांना घेऊन निघालेली मोटार कंपनी दोन वर्षांतच बंद पडली. गाड्या महाग आणि दर्जा बेताचा.

१९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी सुरू झाली, पण तिथंही वाद. भागीदार माल्कमसन यांना श्रीमंतांसाठी भारी गाड्या हव्या होत्या. फोर्ड यांचा हट्ट एकच, गाडी साध्या माणसाला, शेतकऱ्याला परवडली पाहिजे. १९०६ मध्ये माल्कमसन बाहेर पडले.

मग कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक वेगळी खोली केली. जोसेफ गलांब फळ्यावर एकेक भाग काढायचे, फोर्ड बघून बदल सुचवायचे. चार सिलिंडर वेगवेगळे ओतून जोडण्यापेक्षा एकाच ओतकामात काढले, वर सुटं हेड बसवलं. जोडकाम वाचलं, दुरुस्तीही सोपी झाली. व्हॅनेडियमचं पोलाद वापरल्यानं गाडी हलकी तरी दणकट झाली. फळ्यावरची रेघ पुसायला पैसे लागत नाहीत; साचा तयार झाल्यावर मात्र प्रत्येक बदल महागात पडतो.

१ ऑक्टोबर १९०८ रोजी 'मॉडेल टी' आली. किंमत ८५० डॉलर.

सगळे कारखानदार आधी खर्च मोजून त्यावर नफा चढवायचे. फोर्ड यांनी हिशेब उलटा केला. गिऱ्हाईक किती देऊ शकेल ते आधी ठरवायचं, मग खर्च त्यात बसवायचा. १९१३ मध्ये सरकती जोडणी सुरू झाली. चासी जोडायला साडेबारा तास लागायचे, ते पुढच्या वर्षी ९३ मिनिटांवर आले. १९१४ मध्ये कामगारांचा रोज ५ डॉलर झाला, तरी गाडीची किंमत उतरतच राहिली. १९२५ च्या सुमारास ती ३०० डॉलरच्या खाली आली.

पण पुढे हाच हिशेब अंगाशी आला. लोकांना आता रंग, आराम, नवेपणा हवा होता. फोर्ड मात्र स्वस्ताईलाच धरून बसले आणि शेव्हर्ले पुढं गेली. दीड कोटी गाड्या काढून १९२७ मध्ये 'मॉडेल टी' बंद झाली. नव्या गाडीसाठी कारखाना कित्येक महिने थांबवावा लागला.

७ एप्रिल १९४७ रोजी फोर्ड यांचं निधन झालं. आधी किंमत ठरवून मग वस्तू घडवायची त्यांची रीत आजही कारखान्यांत चालते. फक्त गिऱ्हाईकाला काय हवंय, हे मात्र दरवेळी नव्यानं विचारावं लागतं.