गोदावरी परुळेकर : ओळख आणि कृती

माणसाची सामाजिक ओळख त्याच्या कृतीला कसे वळण देते, हे पाहण्यासाठी आजच्या पालघर जिल्ह्यातील तलासरी-डहाणूचा परिसर डोळ्यांसमोर आणा. १९४५ साली तो ठाणे जिल्ह्यात होता. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेल्या आणि वारली त्याच जमिनीवर वेठीला जुंपलेला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको वर्षानुवर्षे मालकाकडे राबत; अशा माणसाला लग्नगडी म्हणत.

गोदावरीबाई तेथे पोचल्या त्या अगदी निराळ्या जगातून. जन्म १९०७ चा. पुण्यातील सुस्थित ब्राह्मण घराणे, वडील नामांकित वकील. कायद्याची पदवी, सत्याग्रहातील तुरुंगवास, भारत सेवक समाजाचे कार्य, १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी विवाह आणि पुढे किसान सभा, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांनी आपला वर्ग मागे टाकला, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. कायद्याची जाण आणि अधिकाऱ्यासमोर न डगमगता बोलण्याची सवय त्याच वर्गाने दिलेली होती. ती त्यांनी टाकून दिली नाही. वारल्यांच्या कामी लावली.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या शेतकरी परिषदेला काही वारली आले होते. त्यानंतर २३ मे रोजी झरी गावी हजारो आदिवासी जमले. वेठ करायची नाही आणि बारा आण्यांखाली रोज घ्यायचा नाही, असे तेथे ठरले. ठराव लिहून वाटण्यात अर्थ नव्हता. ऐकणाऱ्यांनीच तो पाड्यापाड्यांवर नेला. मालकाच्या तोंडी हिणवण्यासाठी येणारे वारली हे नाव आता एकजुटीचे झाले. लग्नगडी सुटू लागले.

याच ओळखीची एक अवघड बाजूही ध्यानात घ्या. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे, गोदावरीबाई येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, अशा अफवेवरून प्रचंड समुदाय गोळा झाला. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मृत्युमुखी पडले. एका व्यक्तीच्या नावाभोवती चळवळ गुंफली गेली की ते नावच शत्रूच्या उपयोगी पडू शकते. तरीही माणसे पांगली नाहीत. पुढच्याच वर्षी गवतकापणीच्या दरासाठी त्यांनी संप केला.

हा सारा अनुभव गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तुम्ही ते वाचाल तेव्हा निवेदिका ‘मी’ कोठे म्हणते आणि ‘आम्ही’ कोठे, याची वहीत नोंद ठेवा.