हरिभाऊंची पुढच्या अंकातील कादंबरी

कादंबरीचा पुढील भाग केव्हा प्रसिद्ध करावा, हा आज प्रकाशकांच्या नियोजनाचा विषय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठीत हा निर्णय बहुतांशी एकाच व्यक्तीच्या हाती होता. ती व्यक्ती म्हणजे हरी नारायण आपटे.

८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे जन्मलेल्या हरिभाऊंची कर्मभूमी पुणे ही होती. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. संपादक आणि प्रमुख लेखक तेच असल्याने त्यांच्या कादंबऱ्या प्रकरणशः वाचकांपर्यंत पोहोचू लागल्या. 'पण लक्षांत कोण घेतो' ही स्त्रीजीवनाची करुण कहाणी वाचकांनी अशीच, पुढील अंकाची वाट पाहत वाचली. मेडोज टेलर यांच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीच्या आधारे लिहिलेल्या 'म्हैसूरचा वाघ'मधून त्यांनी ऐतिहासिक कादंबरीकडे पाऊल टाकले.

शिवकालावरील 'उषःकाल' १८९५ ते १८९७ या काळात प्रसिद्ध झाली. त्याच कालखंडाचे पुढचे पर्व सांगणारी 'सूर्योदय' मात्र १९०५ मध्ये सुरू झाली. दरम्यान 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीत सिंहगडाची १६७० मधील लढाई आली. अर्थात, प्रकाशनाचा क्रम इतिहासाच्या क्रमाशी जुळणारा नव्हता.

या पद्धतीत मोठी जोखीम होती. संपूर्ण हस्तलिखित हाती नसताना पहिले प्रकरण छापले जाई आणि अंकाची तारीख लेखकासाठी थांबत नसे. आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था, पुणे नगरपालिकेतील काम आणि सार्वजनिक जबाबदाऱ्या सांभाळत हरिभाऊ लिहीत होते. परिणामी 'सूर्यग्रहण' आणि 'कालकूट' या कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. त्यांचा शेवट वाचकांना कधीच मिळाला नाही.

तरीही हरिभाऊंचे स्थान अढळ राहिले. १९१२ च्या अकोला साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कन्नड लेखक गळगनाथ यांनी त्यांच्या कादंबऱ्या कन्नड वाचकांपर्यंत नेल्या. 'करमणूक' १९१७ मध्ये बंद पडले आणि ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊंचे निधन झाले. आठवड्याच्या अंकाने मराठी माणसाला कादंबरी वाचण्याची सवय लावली, हे त्यांचे कार्य मात्र अपूर्ण राहिले नाही.